उद्यानातलं झाड आणि कपाटातली शीट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठाचं दहा-बारा एकरांचं वनस्पतिउद्यान आहे, विभागात जुनं हर्बेरियम, म्हणजे दाबून-वाळवून कागदाच्या शीटवर चिकटवलेल्या झाडांचा संग्रह आहे आणि नव्याने रुजू झालेले म्हणून दोन्हींची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे. बैठकीत सूर असा, की आता मोबाइलवर फोटो आहेत, डीएनए तपासता येतो, मग वाळक्या पानांची कपाटं कशाला सांभाळायची? शीट स्कॅन करा आणि खोली मोकळी करा. उद्यान तर सुशोभीकरणाच्या ठेकेदाराला द्यायचं घाटतं आहे. विरोध करायचा तर कोणत्या मुद्द्यावर करावा आणि दोन्ही राखायचं तर सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही विचारलं आहे.

सुरुवात नोंदवहीपासून करा. मुद्दाही तोच आहे.

उद्यानातल्या कोणत्याही झाडापुढे उभं राहून चार गोष्टी विचारा: हे कुठून आलं, कोणी आणलं, कधी आणलं आणि कशाच्या रूपात आणलं, म्हणजे बी, रोप, कंद की फांदी. उत्तरं मिळाली तर ते झाड संशोधनाच्या कामाचं आहे. नाही मिळाली तर सावली देतं, फुलं देतं, विद्यार्थ्यांना पानांची मांडणी दाखवायला उपयोगी पडतं, तेवढंच. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या उद्यानांत मी फिरलो आहे. झाडं चांगली पोसलेली असतात, पाट्याही असतात, पण मूळ ठिकाण विचारलं की सगळे निवृत्त झालेल्या कुणातरी सरांचं नाव सांगतात. ती माहिती सरांच्या डोक्यात होती आणि त्यांच्याबरोबर गेली. अशा झाडाच्या बियांपासून तुम्ही शंभर रोपं करून सह्याद्रीत लावायला निघालात, तर ती आंबोलीची आहेत की तिरुवनंतपुरमहून आलेल्या कलमाची, हे कुणालाच सांगता येणार नाही. मग ती लावूच नयेत हे बरं.

नोंदीची पद्धत जगभर जवळपास सारखीच आहे आणि अवघड मुळीच नाही. आलेल्या प्रत्येक नमुन्याला वर्ष आणि अनुक्रम मिळून एक क्रमांक द्यायचा, समजा २०२४-०१४७. त्याच बियांची पाच रोपं झाली तर पुढे अ, आ, इ. सोबत झाड मुळात कुठून आलं ते दाखवणारा एक सांकेतिक वर्ण लिहायचा. रानातून थेट आणलेल्याला डब्ल्यू, रानातून आणलेल्या झाडापासून बागेत वाढवलेल्याला झेड, ज्याचं मूळ रानातलं नाही त्याला जी आणि ज्याच्याबद्दल काही ठाऊक नाही त्याला यू. यू लिहायला लाजू नका. जुन्या उद्यानाची पहिली मोजदाद केली की बहुतेक झाडं यू निघतात. अंदाजाने डब्ल्यू ठोकून देण्यापेक्षा प्रामाणिक यू फार चांगला, कारण पुढे त्या नोंदीवर कुणीतरी प्रबंध लिहिणार असतो.

क्रमांक कधीच बदलायचा नाही. नाव बदलतं. आपण विद्यार्थी असताना बाभूळ अकेशिया होती. २००५ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे राहील असं ठरलं, २०११ला मेलबर्नमध्ये ते कायम झालं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला. सोनचाफा मिशेलियाचा मॅग्नोलिया झाला. जुन्नर भागातली मांसल खोडाची शिंदळ माकुडी तर घराण्यातच फिरते आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८६०च्या दशकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं, पुढे ती बौसेरोसियात गेली. पाटी रंगवणाऱ्याने किती वेळा रंगवायचं? पाटीवरचं नाव सवडीने सुधारा, पण झाडावरच्या टॅगचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक एकच राहिला पाहिजे.

टॅग अॅल्युमिनियमचा, आकडे ठोकून उठवलेले. रंगाने लिहिलेलं कोल्हापूरच्या किंवा सावंतवाडीच्या दोन पावसाळ्यांत उडतं. खोडाला खिळा मारू नका, तार सैल ठेवा, झाड जाड होतं हे लक्षात असू द्या. क्यूआर कोडच्या चकचकीत पाट्यांचं हल्ली खूळ आहे. लावायच्या तर लावा, मात्र कोड ज्या वेबपानाकडे नेतो ते तीन वर्षांनी कोण चालवणार हे आधी विचारा. मी असे कोड स्कॅन केले आहेत. बहुतेक ठिकाणी रिकामं पान उघडतं.

आता कपाटांकडे. उद्यान आणि हर्बेरियम ही दोन वेगळी खाती आहेत असं प्रशासनाला वाटतं, कारण एकाला माळी लागतात आणि दुसऱ्याला लिपिक. जन्मापासून ती एकत्रच आहेत. इटलीत पिसा इथे विद्यापीठाचं उद्यान १५४४च्या सुमारास उभं करणारा लुका गिनी आणि झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची रीत रुळवणारा लुका गिनी हा एकच माणूस. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं उन्हाळ्यात बागेत दाखवायची आणि हिवाळ्यात कागदावर. पाठोपाठ १५४५ला पादुआ, मग लायडन, १६२१ला ऑक्सफर्ड. लायडनचं उद्यान ज्याने आकाराला आणलं त्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचा आपल्याशीही एक धागा आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात बसून आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ला गोव्यातच छापला गेला आणि क्लुसियसने १५६७ला त्याचा लॅटिन संक्षेप करून तो युरोपभर पोचवला.

फोटो असताना शीट कशाला, याचं उत्तर केंब्रिजमध्ये मिळतं. तिथल्या विद्यापीठाच्या हर्बेरियममधली दोनशे वर्षांची पानं घेऊन इयन वुडवर्ड यांनी १९८७मध्ये दाखवलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी समशीतोष्ण झाडांच्या पानांवरची रंध्रं (हवा आतबाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं) सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्यांनी ती पानं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दाबली त्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. पान जपलं होतं आणि त्यावर तारीख होती म्हणून हे जमलं. फोटोतून रंध्रं मोजता येत नाहीत, परागकण काढता येत नाहीत, पानातलं शिसं मोजता येत नाही, डीएनएही काढता येत नाही. बैठकीत डीएनएचा मुद्दा आला की हे जरूर सांगा: ज्या डीएनए-क्रमाच्या मागे शीट नाही, तो क्रम कोणत्या झाडाचा हे पुढे कुणालाच तपासता येत नाही. ओळख चुकली असेल तर ती चूक डेटाबेसमध्ये कायमची बसते.

त्याच केंब्रिजला हेन्स्लो नावाचे प्राध्यापक होते, डार्विनचे गुरू. विद्यापीठाचं उद्यान आजच्या जागी १८४६ला उघडलं ते त्यांच्याच खटपटीतून. ते एकाच शीटवर एकाच जातीची अनेक रोपं उंचीच्या क्रमाने चिकटवत, सर्वांत ठेंगण्यापासून सर्वांत उंचापर्यंत. एका जातीत फरक किती असू शकतो ते एका नजरेत दिसावं म्हणून. आपल्या एम.एस्सी.च्या मुलांना मी नेहमी हे सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यांत देखणी फांदी तोडून आणायची सवय आहे.

शिवाय नियम आणि कायदा आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नवी जात प्रसिद्ध करायची तर तिचा मूळ नमुना, म्हणजे टाइप, कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला हे १९९०पासून लेखात सांगावंच लागतं. आणि जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९प्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. तुमच्या कपाटात एखादा जरी टाइप असेल (जुन्या विभागांत तो असण्याची शक्यता बरीच, आणि बऱ्याचदा तो टाइपसाठीच्या लाल कव्हराऐवजी साध्या कव्हरात पडलेला असतो) तर ती खोली मोकळी करण्याचा विषयच संपतो. म्हणून पहिल्या महिन्यात टाइप शोधा. विभागातल्या जुन्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या जातींची यादी काढा आणि त्यांचे फील्ड नंबर, म्हणजे नमुना गोळा करतानाच दिलेले क्रमांक, घेऊन कव्हरं चाळा.

एका नमुन्याच्या दोन-तीन प्रती करून दुसऱ्या हर्बेरियमांना पाठवायची जुनी रीत आहे, ती मोडू देऊ नका. १९४३च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं. त्यातलं जे पुढे अभ्यासता आलं ते बरंचसं बाहेर पाठवलेल्या प्रतींमुळे. आपल्याकडे बॉम्ब नाही, पण गळकं छत आणि वाळवी पुरेशी आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. जिवंत झाडांनाही हेच लागू. केंब्रिजच्या उद्यानातलं न्यूटनच्या सफरचंदाचं वंशज झाड २०२२च्या फेब्रुवारीत वादळात पडलं. त्याची कलमं आधीच बांधून ठेवलेली होती, म्हणून हळहळीपलीकडे नुकसान झालं नाही.

जिवंत संग्रहाबद्दल जरा लांबवून लिहितो, कारण बिघडतं ते इथेच. उदाहरण म्हणून कंदीलपुष्पं घेऊ, म्हणजे सेरोपेजिया. यांतल्या कितीतरी जाती सह्याद्रीच्या बाहेर कुठे नाहीत, आणि शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा जो संग्रह उभा केला तो आपल्याकडच्या विद्यापीठीय उद्यानांसाठी वस्तुपाठ आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून सेरोपेजिया अंजनेरिका २००६ला प्रसिद्ध झाली तीही याच परंपरेतल्या लोकांकडून. तो संग्रह कामाचा आहे कारण उद्यानातली कुंडी, विभागाच्या हर्बेरियममधली शीट आणि रानातला तो कडा हे तिन्ही एकमेकांना जोडलेले आहेत.

ही झाडं कंदातून जगतात. कंद गोड लागतो, गुराखी पोरं खातात, साळिंदर आणि रानडुक्करही खातात. म्हणून रानातून कंद उपटून आणणं हा संवर्धनाचा प्रकार नाही, तो आणखी एक साळिंदर झाला. शेंगा जोडीने येतात, पिकल्यावर उकलतात आणि रेशमी शेपटीच्या बिया वाऱ्यावर जातात. उकलायच्या आधी शेंगेला मलमलची छोटी पिशवी बांधा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा जा, थोडं बी घ्या, बाकी तिथेच सोडा. शक्य असेल तिथे वेलाचा तुकडा आणून रुजवा.

कुंडीत आल्यावर मुख्य शत्रू माळीमामांची माया. दिवाळीनंतर वेल पिवळा पडून वाळतो, तेव्हा झाड मेलं असं समजून किंवा मरू नये म्हणून पाणी घातलं जातं, आणि मेपर्यंत निवांत झोपणारा कंद कुजतो. त्या कुंड्या छपराखाली वेगळ्या रांगेत हलवा, वर ठळक अक्षरांत मराठीत लिहा: जूनपर्यंत पाणी घालू नये. पहिल्या वळवाला कोंब दिसला की मगच पाणी. माती सड्यावरची, भुसभुशीत, निचरा होणारी. शेणखताचा मारा नको.

फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, पण बी धरेलच असं नाही. कंदीलपुष्पाचं फूल बारीक माश्यांना नळीत अडकवतं, आतले केस वाळले की सोडून देतं, आणि सुटलेली माशी परागपुंज घेऊन दुसऱ्या फुलात शिरते. त्या माश्या तुमच्या उद्यानात असतीलच असं नाही. मग भिंगाखाली सुईच्या टोकाने परागपुंज उचलून हाताने परागण करावं लागतं. हे काम शिकायला चिकाटीचा एक संशोधक विद्यार्थी पुरतो. त्याच वेळी उलटी भीतीही लक्षात ठेवा: एकाच प्रजातीच्या (जीनसच्या) पाच-सहा जाती शेजारी ठेवल्या तर संकर होऊ शकतो. रानात ज्यांच्यामध्ये दोनशे किलोमीटर होते त्या कुंड्यांमध्ये तुम्ही दोन फूट ठेवले आहेत. रानकेळी, गेंद, रानहळदी यांनाही हे लागू. पुनर्रोपणासाठीचं बी उघड्यावर धरलेलं घेऊ नका, फूल झाकून हाताने परागण केलेलंच घ्या आणि वहीत तसं लिहा.

किती झाडं हवीत, हाही प्रश्न येतो. एका जातीची एक कुंडी हा नमुना झाला, संवर्धन नाही. ढोबळ नियम असा, की एका ठिकाणच्या पन्नासेक वेगवेगळ्या झाडांचं बी घेतलं तर तिथल्या विविधतेचा बराचसा भाग हाती येतो. दुर्मिळ जातींच्या बाबतीत कधीकधी पन्नास झाडं रानातच नसतात, तेव्हा मिळतील तेवढ्यांचं घ्या, पण प्रत्येक मातृवृक्षाचं बी वेगळ्या पाकिटात. सगळं एकत्र केलं की ती माहिती परत मिळत नाही.

बीबँक करू आणि उद्यानाची जागा वाचवू, असं कुणी सुचवेल. गवतं, कडधान्यांचे रानटी भाऊबंद, तेरडे अशांसाठी चांगली कल्पना आहे. बी वाळवून उणे २० अंशांना ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं. पण जांभूळ, फणस, कोकम, रानजायफळ यांचं बी वाळवलं की मरतं. सह्याद्रीच्या सदाहरित रानातल्या कितीतरी झाडांची हीच गत आहे, आणि त्यांचा संग्रह म्हणजे जमिनीत लावलेलं झाडच. ठेकेदाराच्या आराखड्यात लॉनसाठी जी जागा दाखवली असेल ती बहुतेक याच झाडांची असणार, तेवढं नकाशावर बोट ठेवून दाखवा. आणि आपल्या हवामानाची मर्यादाही मान्य करा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजारभर. सोलापूर, नांदेडकडच्या उद्यानाने सदाहरित रानाच्या मागे लागण्यापेक्षा माळरानं, काटेवन, गवतं जपावीत. त्याकडे कुणाचंच लक्ष नाही, आणि पाणीही कमी लागतं.

हर्बेरियमच्या रोजच्या कामातलं दोन-तीन गोष्टींपुरतं सांगतो, बाकी पाठ्यपुस्तकात आहेच. पावसाळ्यात फील्डवर नमुने काळे पडू नयेत म्हणून आपण ते कागदासकट स्पिरिटमध्ये भिजवून पिशवीत बांधतो. नमुना वाचतो, पण डीएनए खराब होतो. म्हणून स्पिरिट घालायच्या आधी पानाचा एक तुकडा सिलिका जेलच्या पाकिटात टाका आणि त्यावर तोच फील्ड नंबर लिहा. जुन्या शीटना मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं, तो पारा आजही तिथे आहे. हातमोजे, मास्क आणि खिडक्या उघड्या, विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी सांगा आणि कपाटावर सूचना लावा. नव्या शीटना ते विष लावू नका. नमुना प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवला की कसर आणि भुंगेरे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दव धरतं आणि बुरशी येते.

स्कॅनिंगला विरोध करू नका. शीट दूरच्या अभ्यासकाला दिसते आणि हाताळणी कमी होते. फक्त क्रम सांभाळा: आधी ओळख तपासणं, मग कव्हरं आणि क्रमांक, मग स्कॅन. एका विभागात उलट झालं. अनुदान मार्चअखेर संपवायचं म्हणून हजारो शीटचे फोटो काढले गेले, फाइलींना कॅमेऱ्याने दिलेली नावं तशीच राहिली. आज त्या हार्डडिस्कमध्ये हवी ती शीट शोधण्यापेक्षा कपाट उघडणं सोपं पडतं. फाइलीचं नाव म्हणजे शीटचा क्रमांक, एवढी एकच अट निविदेत घातली असती तर पुरलं असतं. दुर्मिळ जातींचं नेमकं ठिकाण मात्र सार्वजनिक करू नका. कंदीलपुष्पं, ऑर्किडं आणि कीटकभक्षी वनस्पती उपटून विकणारे लोकही इंटरनेट वाचतात.

प्रशासनाकडे मागणी करताना मोठा प्रकल्प लिहून सुरुवात करू नका, तो बाजूला पडेल. आधी एक चेस्ट फ्रीझर, टॅग आणि आकडे ठोकायचा संच, पक्क्या बांधणीच्या दोन नोंदवह्या, संगणकावरची तीच नोंद आणि तिची दुसरीकडे ठेवलेली प्रत, एवढं मागा. हे विभागाच्या आकस्मिक खर्चातून बसतं. खरी झटापट माणसांसाठी होईल. ज्यांना ठेकेदारामार्फत अकरा महिन्यांवर ठेवतात ते माळी शिंदळ माकुडी आणि निवडुंग यांतला फरक शिकेपर्यंत बदलून जातात. निदान एक माळी आणि एक हर्बेरियम साहाय्यक कायम पदावर असावा, यासाठी अडून बसा. आणि उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते जे झाड लावलं जाईल, त्यालाही क्रमांक द्या. मूळ विचारा. सांगता आलं नाही तर यू.